स्क्रॅचच्या पेनने चित्रं काढत प्रोग्रॅमिंग शिकताना

स्क्रॅच (सूचनांचे ठोकळे, म्हणजे ब्लॉक, जोडून प्रोग्रॅम करायची भाषा) उघडल्यावर बहुतेक जण मांजर डावीकडून उजवीकडे पळवतात, तिच्या तोंडी दोन वाक्यं घालतात आणि अर्ध्या तासात कंटाळतात. पेनकडे फारसं कोणी वळत नाही, कारण ते सुरुवातीला दिसतच नाही. पण चार-पाच ब्लॉक आणि एक पेन एवढ्या भांडवलावर जे खेळ करता येतात त्यांतून लूप (तेच ब्लॉक पुन्हा पुन्हा चालवणं), व्हेरिएबल (आकडा साठवायचा डबा), रँडम (नशिबाने येणारा आकडा) आणि रिकर्शन (ब्लॉकने स्वतःलाच पुन्हा वापरणं) या गोष्टी आपोआप हाताखालून जातात.

कल्पना जुनी आहे. वॉली फॉयरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ साली लोगो ही भाषा तयार केली. पुढे त्या भाषेत एक कासव आलं. ‘इतकं पुढे जा, इतकं वळ’ एवढंच त्याला कळायचं आणि तेवढ्यावर ते चित्रं काढायचं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये तयार होऊन २००७ साली सर्वांसाठी खुलं झालेलं स्क्रॅच त्याच घराण्यातलं.

हा लेख वाचताना स्क्रॅच शेजारी उघडं असू द्या. आणि एक सवय पहिल्यापासून लावून घ्या: हिरवा झेंडा (प्रोग्रॅम सुरू करायचं बटण) दाबण्याआधी काय उमटेल याचा अंदाज करा, आणि दोन प्रयोगांच्या मध्ये एकच आकडा बदला. दोन आकडे एकदम बदलले की चित्र कशामुळे बदललं ते कळत नाही.

तयारी

ब्राउझरमध्ये स्क्रॅचच्या संकेतस्थळावर जाऊन ‘क्रिएट’ दाबलं की एडिटर उघडतो. खातं काढायची सक्ती नाही, पैसे लागत नाहीत. इंटरनेट नेहमी नसेल तर डाउनलोड करून घ्यायचं ॲपही आहे. काम माउस असलेल्या कॉम्प्युटरवर करा. फोनच्या पडद्यावर ब्लॉक जोडताना बोटं आणि डोकं दोन्ही दुखतात.

डाव्या हाताला अगदी खाली अधिक-चिन्हाचं बटण आहे. ते दाबा, येणाऱ्या यादीतून ‘पेन’ निवडा. ब्लॉकच्या यादीत पेनचा नवा गट येईल.

आता स्टेजचं, म्हणजे चित्र उमटतं त्या चौकटीचं, माप लक्षात ठेवा: रुंदी ४८०, उंची ३६०. मधोमध शून्य, म्हणून एक्स -२४० ते २४० आणि वाय -१८० ते १८०. दिशांचा हिशेब शाळेतल्या आलेखापेक्षा वेगळा आहे. इथे ० म्हणजे वर, ९० म्हणजे उजवीकडे, १८० म्हणजे खाली आणि -९० म्हणजे डावीकडे. भूगोलाच्या होकायंत्रासारखं धरा, गणिताच्या वहीसारखं नको.

आधी नांदी

नाटकाआधी नांदी असते, तसे प्रत्येक चित्राआधी हे ब्लॉक याच क्रमाने लावा:

१. व्हेन ग्रीन फ्लॅग क्लिक्ड
२. पेन अप
३. इरेज ऑल
४. गो टू एक्स ०, वाय ०
५. पॉइंट इन डायरेक्शन ९०
६. सेट पेन साइझ टू २
७. सेट पेन कलर टू (हवा तो रंग)
८. पेन डाउन

याची गरज का, ते नांदीशिवाय एकच चित्र दोनदा काढलं की समजतं. स्प्राइट (म्हणजे ते मांजर, किंवा त्याच्या जागी घेतलेलं दुसरं चित्र) मागच्या वेळी जिथे थांबला तिथेच असतो, तोंडही तिकडेच असतं आणि पेनही टेकलेलंच असतं. लाल बटणाने प्रोग्रॅम थांबतो, पण चित्र पुसलं जात नाही. ‘काल बरोबर येत होतं, आज वेडंवाकडं येतंय’ या तक्रारीचं मूळ दहातल्या नऊ वेळा इथेच सापडतं. ‘पेन अप’ वर ठेवायचं कारण म्हणजे पेन टेकलेलं असताना ‘गो टू’ केलं तर जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत एक आगंतुक रेघ उमटते.

मांजर चित्राच्या आड येत असेल तर ‘लुक्स’मधून ‘हाइड’ करा. लपलेला स्प्राइटही रेघ काढतो. सुरुवातीला मात्र लपवण्याऐवजी आकार २० टक्के करणं बरं, तोंड कुठे आहे ते दिसत राहतं. स्वतः काढलेला स्प्राइट वापरत असाल आणि रेघ त्याच्या बाजूने कुठूनतरी निघत असेल, तर कॉस्च्यूमचं, म्हणजे स्प्राइटच्या रूपाचं, चित्र मध्यबिंदूवर नाही. ते एडिटरमध्ये सरकवून मधोमध आणा.

चौकोन, आणि फसणारा त्रिकोण

नांदीखाली ‘रिपीट ४’ लावा, त्याच्या पोटात ‘मूव्ह १००’ आणि ‘टर्न राइट ९०’. चौकोन आला.

आता त्रिकोण. समभुज त्रिकोणाचा कोन ६० हे पाठ असतं, म्हणून ‘रिपीट ३’ आणि ‘टर्न ६०’ असं लावलं जातं. पडद्यावर येतो अर्धा षटकोन. कारण शाळेतला ६० हा आकृतीच्या आतला कोन आहे आणि स्प्राइट वळतो तो बाहेरचा. सरळ चाललेला माणूस किती वळला, ते मोजायचं असतं: १८० - ६० = १२०. एक पूर्ण फेरी मारून परत त्याच दिशेला तोंड करायचं तर एकूण वळण ३६० भरलंच पाहिजे. त्यामुळे कितीही बाजू असोत, वळण ३६० ÷ बाजू.

‘व्हेरिएबल्स’मधून ‘बाजू’ नावाचं व्हेरिएबल करा (नावं देवनागरीत खुशाल द्या). ‘सेट बाजू टू ५’, मग ‘रिपीट बाजू’, आत ‘मूव्ह ४८० ÷ बाजू’ आणि ‘टर्न ३६० ÷ बाजू’. लांबीलाही बाजूंनी भागायचं कारण जागा. १०० लांबीच्या बारा बाजू काढल्या तर आकृतीची उंची साडेतीनशेच्या वर जाते आणि मध्यापासून खाली जागा असते फक्त १८०. परिमिती ४८० वर बांधून ठेवली की सगळ्या आकृत्या स्टेजवर मावतात.

बाजू ३६० केल्या तर वर्तुळ, पण ते काढायला बारा सेकंद लागतात. लूपची प्रत्येक फेरी पडद्यावर दाखवत स्क्रॅच सेकंदाला सुमारे ३० फेऱ्या करतो. ३६ बाजूंचं वर्तुळ सव्वा सेकंदात होतं आणि या मापाला डोळ्याला फरक कळत नाही. घाई असेल तर शिफ्ट दाबून हिरव्या झेंड्यावर क्लिक करा, टर्बो मोड सुरू होतो.

चुकीतून निघालेला तारा

चौकोनाचा लूप दुसऱ्या लूपच्या पोटात घाला:

रिपीट ३६
  रिपीट ४
    मूव्ह ८०
    टर्न राइट ९०
  टर्न राइट १०
  चेंज पेन कलर बाय २.८

एकाच बिंदूभोवती ३६ चौकोन फिरतात, पाच-सहा सेकंदांत फूल तयार. ३६ × १० = ३६०, म्हणून फूल बरोबर मिटतं. रंगाचं चक्र मात्र ३६० चं नाही, १०० चं आहे. त्यामुळे ३६ पायऱ्यांत पूर्ण इंद्रधनुष्य हवं तर १०० ÷ ३६, म्हणजे जवळपास २.८. इथे १० ठेवलं तर रंग साडेतीन वेळा फिरतात. वाईट दिसत नाही, पण कशामुळे होतंय ते माहीत असावं.

ब्लॉक ओढताना ‘टर्न १०’ चुकून आतल्या लूपमध्ये पडतो. अगदी नेहमीची चूक. फूल येत नाही, येतो अठरा टोकांचा तारा! आता प्रत्येक रेघेनंतर वळण ९० + १० = १०० होतं. १०० आणि ३६० यांचा मसावि २०, आणि ३६० ÷ २० = १८. शाळेत मसावि कशासाठी काढायचा हे कुणी सांगत नाही, त्याचं हे एक चांगलं उत्तर आहे. १४४ अंशाला पाच टोकं, १३५ ला आठ, १६० ला नऊ. प्रत्येकाचा मसावि आधी वहीवर काढा, टोकं सांगा, मगच झेंडा दाबा. चूक लगेच दुरुस्त करू नका. आधी तिची एक प्रत ठेवून द्या, मग दुरुस्ती.

सर्पिल: एका अंशाचा फरक

‘लांबी’ नावाचं व्हेरिएबल करा. नांदीच्या शेवटी ‘सेट लांबी टू ०’ जोडा आणि मग:

रिपीट १२०
  मूव्ह लांबी
  टर्न राइट ९०
  चेंज लांबी बाय २

चौकोनी भोवरा येईल. आता ९० चं ९१ करा. बाकी कशालाही हात लावू नका. चौकोन प्रत्येक फेरीत जरासा फिरत जातो आणि कोपऱ्यांच्या ओळी वाकून चार बाकदार हात तयार होतात. ८९ ला ते उलट्या बाजूला वाकतात. १२१ ला तीन हात, १४५ ला पिळलेला तारा. एका अंशाने एवढा फरक पडतो कारण तो अंश एकदाच मोडत नाही, १२० वेळा साठत जातो.

‘सेट लांबी टू ०’ विसरलात तर पहिल्यांदा सगळं नीट येईल आणि दुसऱ्यांदा झेंडा दाबल्यावर लांबी २४० पासून सुरू होईल. व्हेरिएबलचीही नांदी करावी लागते.

आता ‘रिपीट १५०’ करून पाहा. ९० अंशाला चित्र मावतं, ९१ ला कडेला जाऊन बिघडतं: रेघा कडेशी दबतात आणि त्यानंतरचं सगळं चित्र सरकलेलं येतं. स्क्रॅच स्प्राइटला स्टेजच्या पूर्ण बाहेर जाऊ देत नाही. तो कडेला अडतो, त्याची जागा बदलते आणि पुढची प्रत्येक रेघ त्या चुकीच्या जागेवरून निघते. पण मग ९० ला का नाही? १५० फेऱ्यांना लांबी ३०० च्या आसपास जाते. सरळ उभा चौकोन मध्यापासून वर-खाली १५० च पसरतो, पण त्याचा कोपरा मध्यापासून २१२ वर असतो. चौकोन फिरला की तोच कोपरा वरच्या बाजूला येतो आणि १८० ची मर्यादा ओलांडतो. १२० फेऱ्यांना हेच अंतर १७० भरतं, म्हणून वर १२० घेतले. ६० अंशाच्या आसपास कोपऱ्याचं अंतर जवळजवळ रेघेच्या लांबीइतकंच असतं, तेव्हा तिथे ८० फेऱ्यांवर थांबा.

सूर्यफूल

सूर्यफुलाच्या चकतीतल्या बिया जशा बसतात, तशी मांडणी एका कोनाने होते: १३७.५ अंश. ‘क्र’ नावाचं व्हेरिएबल शून्यावर ठेवा, पेन साइझ ८ करा, नांदीतलं शेवटचं ‘पेन डाउन’ काढून टाका आणि:

रिपीट ४००
  गो टू एक्स ०, वाय ०
  पॉइंट इन डायरेक्शन क्र × १३७.५
  मूव्ह ८ × (क्र चं वर्गमूळ)
  पेन डाउन
  पेन अप
  चेंज क्र बाय १

पेन एकाच जागी टेकवून उचललं की पेनच्या जाडीएवढा ठिपका पडतो. वर्गमूळ शोधताना ‘ऑपरेटर्स’मध्ये सगळ्यात खाली ‘ॲब्स ऑफ’ असा ब्लॉक आहे, त्याची यादी उघडली की ‘स्क्वेअर रूट’ मिळतं. ते इथे लागतंच: क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे नुसतं ‘क्र’ वापरलं तर बाहेर ठिपके विरळ होत जातात. वर्गमुळाने ते मधल्यापासून कडेपर्यंत सारखे दाट राहतात.

चूक होते ती ब्लॉक एकमेकांत बसवताना. ८ × (क्र चं वर्गमूळ) करायच्या ऐवजी (८ × क्र) चं वर्गमूळ झालं तर शेवटचा ठिपका १६० वर पडायचा तो ५७ च्या आत पडतो आणि मधोमध नुसता गोळा होतो. ऑपरेटरवर थेट क्लिक केलं की त्याचं उत्तर फुग्यात दिसतं. क्र ४०० असताना १६० यायला हवं.

मग कोन बदला. ९० ला चार सरळ ओळी, १२० ला तीन. १३७ आणि १३८ ला ठिपके वळणदार पट्ट्यांत गोळा होतात आणि मध्ये मोकळ्या फटी पडतात. १३७.५ ला फटी जवळपास बुजलेल्या दिसतात. अर्ध्या अंशाचा खेळ आहे सगळा.

नशीब आणि आकडे

‘पिक रँडम’ने प्रत्येक वेळी वेगळं चित्र येतं, पण त्याची एक खोड आहे. ‘१ ते १०’ दिलं तर फक्त पूर्णांक मिळतात. ‘० ते १’ दिलं तर ० किंवा १, मधलं काही नाही. दोन्हींपैकी एक आकडा दशांश चिन्ह देऊन लिहा, म्हणजे १ ऐवजी १.०, की मधल्या अपूर्णांकांचीही पाळी येते.

दुसरी खोड मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांना नडते. ‘आस्क अँड वेट’ने बाजू विचारल्या आणि उत्तर देवनागरी अंकांत टाइप केलं, तर स्क्रॅच त्याला संख्या मानत नाही, शून्य धरतो. चित्र येत नाही आणि चूकही दाखवली जात नाही. आकडे नेहमी इंग्रजी अंकांत.

चित्राला आवाज जोडायचा असेल तर त्याच अधिक-चिन्हाच्या बटणातून ‘म्युझिक’ घ्या. ‘स्वर’ नावाची यादी करून तिच्यात ६०, ६२, ६४, ६७, ६९ भरा: सा, रे, ग, प, ध. सर्पिलाच्या लूपमध्ये ‘प्ले नोट’ लावा, त्यात यादीतला ‘(क्र मॉड ५) + १’ वा स्वर, आणि ‘चेंज क्र बाय १’ विसरू नका. +१ हवाच, कारण यादीची मोजणी एकपासून असते आणि मॉड (भागाकारातली बाकी) शून्यही देतो. हे पाच स्वर कोणत्याही क्रमाने वाजले तरी कानाला खटकत नाहीत. टेम्पो ६० असताना ०.२५ बीट म्हणजे पाव सेकंद, आणि तो वाजेपर्यंत पेन थांबतं. त्यामुळे इथे टर्बोचा उपयोग नाही.

झाड

इथवर जमलं की रिकर्शनला हात घाला. ‘माय ब्लॉक्स’मध्ये नवा ब्लॉक करा, नाव ‘झाड’. ‘ॲड ॲन इनपुट’ने संख्येचं एक इनपुट द्या, त्याचं नाव ‘माप’. ‘डिफाइन झाड’खाली:

इफ माप < ८ देन: स्टॉप धिस स्क्रिप्ट
मूव्ह माप
टर्न लेफ्ट २५
झाड (माप × ०.७)
टर्न राइट ५०
झाड (माप × ०.७)
टर्न लेफ्ट २५
मूव्ह माप × -१

नांदीत जागा एक्स ०, वाय -१५० करा, दिशा ० करा आणि शेवटी ‘झाड ९०’ जोडा. बुंधा ९०, मग ६३, ४४ असं कमी होत सातव्या पिढीला माप दहाच्या जवळ येतं आणि आठवीला अट लागते. एकूण १२७ फांद्या. झटकन हवं असेल तर ब्लॉक करताना ‘रन विदाउट स्क्रीन रिफ्रेश’वर खूण करा, पण पहिल्यांदा हळूच चालू द्या. पेन आधी सगळ्यात डावीकडची फांदी टोकापर्यंत संपवतं आणि मग एकेक पाऊल मागे येत उजवीकडच्या काढतं, ते डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.

पहिलीच ओळ विसरलात तर पेन डावीकडे वळत वळत गोगलगायीसारखी एक गुंडी काढतं आणि तिथेच अडकल्यासारखं दिसतं. ते अडकलेलं नसतं, अधिकाधिक बारीक फांद्या काढत असतं. लाल बटण दाबा. शेवटचं ‘मूव्ह’ राहिलं तर फांद्या बुंध्यापासून सुटून भरकटतात. वळणांची बेरीज (डावीकडे २५, उजवीकडे ५०, डावीकडे २५) शून्य नसेल तर झाड एका बाजूला गुंडाळतं. थोडक्यात, फांदी काढायला गेलेलं पेन होतं त्याच जागी आणि त्याच दिशेला तोंड करून परत आलं पाहिजे.

सगळ्यात चकवणारी चूक रंगावरून ओळखता येते. ‘माप’ हे ‘डिफाइन’च्या ओळीतून ओढून आणायचं असतं आणि ते गुलाबी असतं. कोणी ‘माप’ नावाचं वेगळं व्हेरिएबल करून तेच वापरतं, ते नारिंगी असतं. नारिंगी ‘माप’ सगळ्यांचं मिळून एकच. डावी फांदी ते ०.७ ने गुणत टोकापर्यंत गेली की परत आल्यावर बुंध्यालाही तोच बारीक आकडा दिसतो. उजव्या फांद्या खुरटतात, मागे यायचं अंतर चुकतं. गुलाबी इनपुटची मात्र प्रत्येक हाकेला, म्हणजे ‘झाड’ ब्लॉक दर वेळी चालतो तेव्हा, स्वतःची प्रत असते. तिसऱ्या पिढीचं ४४ तिसऱ्या पिढीपाशीच राहतं.

याचाच फायदा घेऊन झाड जिवंत करता येतं. सगळ्या फांद्या २५ अंशाला असल्या की झाड शोभेचं वाटतं, म्हणून ‘टर्न’मध्ये सरळ ‘पिक रँडम १५ ते ३५’ घातलं जातं आणि झाड कोलमडतं. जाताना १८ पडले, येताना ३१ पडले, तोंड मूळ दिशेला येणार कसं? ‘झाड’ला ‘कोन’ नावाचं दुसरं इनपुट द्या. आत डावीकडे ‘कोन’, उजवीकडे ‘२ × कोन’, पुन्हा डावीकडे ‘कोन’. रँडम टाकायचं ते फक्त हाक मारताना: झाड (माप × ०.७) (पिक रँडम १५ ते ३५). फासा एकदाच पडतो आणि ती फांदी संपेपर्यंत तोच आकडा टिकतो.

जपून ठेवताना

खातं नसेल तर ‘फाइल’मधून ‘सेव्ह टू युअर कॉम्प्युटर’ हाच आधार, टॅब बंद केला की काम गेलं म्हणून समजा. फाइल एसबी३ प्रकारची उतरते. नाव देताना ‘चित्र१’, ‘चित्र२-नवीन’ असं देऊ नका. ‘सर्पिल-९१-१२०फेऱ्या’ किंवा ‘झाड-कोन१५ते३५’ असं द्या, म्हणजे महिन्याभराने फाइल न उघडताही आत काय आहे ते कळतं. चुकून सापडलेल्या त्या अठरा टोकांच्या ताऱ्याची फाइलही ‘फूल-आतटर्न१०’ अशा नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवा.